सॅन्टी आधी तेलाची बोट होती

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत फिलिपिन्सजवळच्या लेयटेच्या लढाईवर आणि विमानासकट बोटीवर जाऊन आदळणाऱ्या जपानी कामिकाझे वैमानिकांवर जो लेख आला तो मी दोनदा वाचला. लेख चांगला आहे, लेखकानं मेहनत घेतलीय, पण दोन गोष्टी मनाला लागल्या म्हणून लिहितोय. एक म्हणजे त्यात लिहिलंय की कामिकाझे पथकाचा पहिला घाव अमेरिकेच्या 'सेंट लो' या विमानवाहू बोटीवर बसला. ते बरोबर नाही, त्याच दिवशी, २५ ऑक्टोबर १९४४ ला, सकाळी तिच्या तीन तास आधी अमेरिकेच्याच 'सॅन्टी'वर बसला होता. सेंट लो बुडाली आणि सॅन्टी बुडाली नाही, म्हणून नाव सेंट लोचं राहिलं. आणि दुसरी गोष्ट जास्त लागली, अख्ख्या लेखात सॅन्टीचं नाव एकदाच आलंय आणि तेही 'छोटी विमानवाहू नौका' एवढंच. अहो ती विमानवाहू म्हणून बांधलीच नव्हती, ती तेलाची बोट होती, टँकर होती, आणि ती त्या दिवशी तरली त्यात या गोष्टीचा फार मोठा हात आहे असं माझं ठाम मत आहे.

मी २९ वर्षं टँकरवर काढली, त्यातली शेवटची १४ पंपमन म्हणून. पंपमन म्हणजे ज्याच्या ताब्यात कार्गो पंप, लाइनी आणि व्हॉल्व्ह असतात तो माणूस, कुठल्या टाकीत किती तेल आहे आणि कुठलं कुठे गेलं की बोट कुठल्या अंगाला कलेल हे त्याला झोपेत उठवून विचारलं तरी सांगता यायला हवं. त्यामुळे सॅन्टीची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला विमानं दिसलीच नाहीत, मला खालच्या टाक्या दिसल्या. तेव्हापासून या बोटीबद्दल मिळेल ते वाचत आलोय.

तिचं बांधकाम ३१ मे १९३८ ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टर गावी सुरू झालं, डेलावेअर नदीच्या काठी सन कंपनीचं शिपयार्ड होतं तिथे. ४ मार्च १९३९ ला ती पाण्यात उतरली तेव्हा तिचं नाव होतं 'एसो सीके'. आता बघा, त्या काळातले टँकर अकरा-बारा नॉट्सनं रखडत चालायचे आणि ही १८ नॉट्स जायची, पाण्याखाली दोन पंखे म्हणजे प्रोपेलर, टर्बाइन इंजिनं, लांबी ५५३ फूट. एवढा वेग कुठल्या तेल कंपनीला परवडतो हो, जास्त वेग म्हणजे जास्त इंधन जळणार. तर तो जादा खर्च अमेरिकन सरकारच्या मॅरिटाइम कमिशननं उचलला होता, हिशोब असा की शांततेत कंपनीनं धंदा करावा आणि लढाई आली की नौदलानं बोट ताब्यात घ्यावी, कारण आरमाराबरोबर धावायचं तर टँकरलाही पळता आलं पाहिजे. लढाई युरोपात सुरू व्हायच्या आधीच हा विचार झालेला होता. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण ऐन वेळी अशी बोट कुठून आणणार.

ऑक्टोबर १९४० मध्ये नौदलानं ती घेतली आणि नाव ठेवलं सॅन्टी, दक्षिण कॅरोलिनातल्या एका नदीचं. अमेरिकन नौदलात इंधनवाहू बोटींना नद्यांची नावं द्यायची पद्धत होती. वर्षभर तिनं अटलांटिकमध्ये तेल वाहिलं, न्यूफाउंडलंडच्या अर्जेन्शिया तळापर्यंत. तिच्यासारख्याच आणखी तीन होत्या, सँगमन, सुवानी आणि चेनँगो, याही नद्याच. पुढे या चौघी विमानवाहू झाल्या तरी नावं नद्यांचीच राहिली, कोणी बदलली नाहीत, म्हणून ज्याला माहितीय त्याला नुसत्या नावावरून कळतं की या मूळच्या तेलाच्या बोटी.

१९४२ च्या सुरुवातीला अमेरिकेची अवस्था काय होती ते लक्षात घेतलं पाहिजे. दोन महासागर सांभाळायचे आणि विमानवाहू नौका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या, नव्या मोठ्या एसेक्स वर्गाच्या बोटी अजून यार्डात. मग मिळेल त्या सांगाड्यावर सपाट डेक चढवायचं ठरलं. मालवाहू बोटींचे सांगाडे घेतले, पण ते एका पंख्याचे आणि हळू, मोठ्या टँकरच्या मानानं आखूडही. टँकर त्याहून कितीतरी चांगले, पण टँकर द्यायचे कुठून, कारण त्याच महिन्यांत जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर येऊन एकामागून एक टँकरच बुडवत होत्या आणि तेलाची बोंब होती. म्हणून फक्त चार सोडल्या, जास्त सोडणं शक्यच नव्हतं.

नॉरफोकच्या नेव्ही यार्डात सॅन्टीचं काम झालं. टँकरचं मेन डेक ज्यांनी पाहिलंय त्यांना ते डोळ्यासमोर येईल, लांबच लांब सपाट, त्यावर पाइपलाइनींचं जाळं, मध्ये मॅनिफोल्ड म्हणजे सगळ्या लाइनी जिथे जोडतात ती जागा, वरून चालायचा कॅटवॉक, लाट आली की पाणी सरळ आरपार. त्या डेकचा झाला हँगर, म्हणजे विमानं ठेवायची जागा, आणि त्याच्यावर विमानं उडवायला-उतरवायला पाचशे फुटांचं फ्लाइट डेक. इंजिन तर टँकरचं मागेच असतं, त्यामुळे धुरासाठी मधोमध चिमणी नको, मागच्या बाजूला दोन्ही कडांनी धूर बाहेर काढला आणि विमानांना वर मोकळं मैदान मिळालं. तीसेक विमानं मावायची. आणि खालच्या टाक्यांमध्ये तेल तसंच राहिलं. तेलाचं वजन तळाला असल्यामुळे बोट धरून राहते, सहज कलंडत नाही, आणि हलत्या डेकवर विमान उतरवणाऱ्या पोरासाठी याच्यासारखं सुख नाही. स्वतःला पुरून इतरांना देता येईल एवढं इंधन ती बरोबर घेऊन फिरायची.

घाई एवढी होती की २४ ऑगस्ट १९४२ ला तिला नौदलात दाखल केलं तेव्हा यार्डातले कामगार अजून बोटीवरच होते, चाचणीच्या फेरीतसुद्धा त्यांचं काम चालू आणि डेकवर सामानाचे ढीग. पहिलं विमान तिच्यावर उतरलं २४ सप्टेंबरला, आणि ऑक्टोबर संपायच्या आत ती आफ्रिकेच्या वाटेवर होती, मोरोक्कोवर उतरणाऱ्या सैन्याला वरून संरक्षण द्यायला. वैमानिक बहुतेक कोवळी पोरं, अनुभव नाही. ३० ऑक्टोबरला कॅटापुल्टवरून, म्हणजे विमान पुढे फेकणाऱ्या यंत्रावरून, विमान सोडताना त्याचा जवळजवळ दीडशे किलोचा बॉम्ब सुटून डेकवर पडला, घरंगळत गेला आणि बोटीच्या नाकाजवळ पाण्यात फुटला. अख्खी बोट हादरली, रडारच्या अँटेना बिघडल्या, अंतर मोजायचा रेंजफाइंडर गेला, पण ती वळली नाही.

मोरोक्कोच्या साफी बंदरासमोर तिनं नोव्हेंबरात विमानं उडवली, हे सगळे लिहितात. पण तिथून निघेपर्यंत म्हणजे १३ नोव्हेंबरपर्यंत ती इतर बोटींना तेलही देत होती हे कोण लिहितो? आणि चेनँगोचं तर विचारूच नका, ती जाताना आर्मीची सत्तरहून जास्त पी-४० विमानं डेकवर लादून घेऊन गेली, ती मोरोक्कोत पोचवली, आणि मग कासाब्लांकाला जाऊन २१ विनाशिकांना इंधन भरून दिलं, मगच घरी निघाली. म्हणजे आठवड्याच्या सुरुवातीला विमानवाहू आणि शेवटी पेट्रोल पंप, एकच बोट. लहान विनाशिकेच्या टाक्या लवकर रिकाम्या होतात, तिला तेल मिळालं नाही तर ती लढाई सोडून बंदर शोधत जाणार. मी स्वतः समुद्रात चालत्या बोटीला तेल कधी दिलेलं नाही, आम्ही मुंबई बंदरात जवाहर द्वीपला जेट्टीला बांधून नाहीतर नांगर टाकून दिलंय, आणि तेव्हाही होज म्हणजे तेलाची लवचीक नळी लावलेली असताना जिवात जीव नसायचा. इथे दोन बोटी पंचवीस-तीस मीटरचं अंतर ठेवून एकाच वेगानं चालवायच्या, मध्ये होज झोके खातोय, मधलं पाणी दोघींना एकमेकींकडे ओढतंय, आणि खाली कुठेतरी पाणबुडी असेल ही धास्ती. ज्यांनी हे केलं त्यांच्या हाताला काय म्हणायचं.

१९४३ मध्ये ती आधी ब्राझीलच्या बाजूला होती, पूर्वेकडून रबर आणि कथील भरून जर्मनीला चोरून जाणाऱ्या बोटी शोधायला. १० मार्चला तिच्या गटानं 'कारिन' नावाची अशी बोट गाठली, 'एबर्ली' विनाशिकेवरची माणसं तिच्यावर चढली आणि जर्मनांनी आधीच लावून ठेवलेले स्फोट झाले, चढलेल्यांपैकी काही जण तिथेच गेले. त्यानंतर जून-जुलैत ती अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांच्या दक्षिणेला गेली आणि माझ्या मते तिची सगळ्यात मोठी कामगिरी ती. तिथे काय होतं, तर जर्मन पाणबुड्यांना भर समुद्रात इंधन देणाऱ्या त्यांच्याच मोठ्या पाणबुड्या यायच्या, नाविक त्यांना दुभत्या गायी म्हणायचे. म्हणजे पाण्याखालचे टँकरच. ती गाय मारली की दहा-बारा पाणबुड्या उपाशी परत जाणार. १३ जुलैला 'कोर' या विमानवाहूच्या विमानांनी त्यातली एक, यू-४८७, बुडवली, आणि दुसऱ्या दिवसापासून सॅन्टीची पाळी, १४ जुलैला यू-१६०, १५ ला यू-५०९, ३० ला यू-४३, तिन्ही या एका माजी टँकरच्या विमानांनी.

पद्धत सांगण्यासारखी आहे. दोन विमानं जोडीनं जायची, एक वाइल्डकॅट म्हणजे लढाऊ विमान आणि एक बॉम्ब-टॉर्पेडो नेणारं अ‍ॅव्हेंजर. पाणबुडी पाण्यावर दिसली की वाइल्डकॅट मशीनगन झाडत खाली झेपावायचं, माणसं आत पळायची आणि पाणबुडी बुडी मारायची, आणि ती बुडी मारली की त्या जागी अ‍ॅव्हेंजर एक टॉर्पेडो सोडायचं जो पंख्याच्या आवाजाचा माग काढत जायचा. नाव त्याचं 'फिडो', कुत्र्याचं असतं तसं, आणि हे इतकं गुप्त होतं की कागदोपत्री त्याला टॉर्पेडो म्हणायचंच नाही, माइन म्हणायचं. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट 'आयोवा' युद्धनौकेवरून कैरो आणि तेहरानच्या बैठकांसाठी निघाले तेव्हा त्यांच्यावर आकाशातून नजर ठेवायच्या कामातही सॅन्टी होती.

१९४४ मध्ये ती पॅसिफिकला गेली. पलाऊ, हॉलंडिया, ग्वाम, मोरोताई, ती यादी मी देत बसत नाही. लेयटेकडे येतो कारण पत्र त्यासाठीच लिहायला घेतलंय.

२५ ऑक्टोबर १९४४. सॅन्टी, सँगमन आणि सुवानी या तिघी अमेरिकन अ‍ॅडमिरल थॉमस स्प्रेग यांच्या गटात होत्या. उत्तरेला सामार बेटाजवळ दुसऱ्या एका छोट्या विमानवाहूंच्या गटावर जपानी युद्धनौका तुटून पडल्याची खबर आली, ७ वाजून ३६ मिनिटांनी सॅन्टीनं त्यांच्या मदतीला १३ विमानं सोडली, पाच अ‍ॅव्हेंजर आणि आठ वाइल्डकॅट. चार मिनिटं गेली असतील नसतील, ७ वाजून ४० मिनिटांनी फिलिपिन्समधल्याच दावाओकडून आलेलं एक जपानी विमान ढगातून सरळ खाली आलं आणि डाव्या बाजूला पुढच्या अंगाला फ्लाइट डेक फोडून हँगरमध्ये घुसलं. १६ माणसं गेली, २७ जखमी. आग लागली, हँगरमध्ये बॉम्ब, पेट्रोल भरलेली विमानं, सगळं तिथेच. पोरं आग विझवतायत तोवर ७ वाजून ५६ मिनिटांनी जपानी पाणबुडी आय-५६ चा टॉर्पेडो उजव्या बाजूला मधोमध लागला. सोळा मिनिटांत आकाशातून एक आणि पाण्यातून एक. टॉर्पेडोनं कोणी मेलं नाही. पाणी शिरलं, बोट सहा अंश कलली. आणि ९ वाजून ३५ मिनिटांनी तात्पुरती दुरुस्ती उरकली होती.

संपादक साहेब, मी इथे थांबून सांगू इच्छितो कारण हे समजायला टँकरवर राहावं लागतं. टँकरचं पोट म्हणजे एक मोठी पोकळी नसते, आडव्या-उभ्या भिंतींनी ते अनेक टाक्यांत वाटलेलं असतं, एका टाकीला भोक पडलं तर तेवढीच टाकी जाते. टाकीत तेल किंवा पाणी भरलेलं असेल तर स्फोटाचा जोर ते द्रवच अंगावर घेतं आणि पसरवतं. आणि बोट कलली तर टँकरवाल्याकडे तिला सरळ करायचं साधन कायम हाताशी असतं, या टाकीतलं त्या टाकीत घे, समोरच्या बाजूला बॅलास्ट म्हणजे तोल राखायचं पाणी घे, हे आमचं रोजचं काम. आम्ही लोडिंगच्या वेळी एक-दोन अंशाची लिस्ट म्हणजे कल आला तरी व्हॉल्व्हकडे धावायचो. सहा अंश म्हणजे खूप, कपातला चहा सांडतो, उताराच्या बाजूला माणूस आपोआप घसरत जातो. त्या परिस्थितीत, वर आग असताना, खाली व्हॉल्व्ह फिरवणारी माणसं होती, त्यांची नावं कुठल्या लेखात येत नाहीत.

आता तुलना करा. वर्षभर आधी २४ नोव्हेंबर १९४३ ला गिल्बर्ट बेटांजवळ 'लिस्कम बे' ही छोटी विमानवाहू एका टॉर्पेडोनं २३ मिनिटांत बुडाली, ६४४ माणसं गेली. सेंट लो एका विमानानं बुडाली. या दोन्ही घाईघाईत मोठ्या संख्येनं बांधलेल्या वर्गातल्या, पातळ अंगाच्या. मी त्यांना नावं ठेवत नाही, त्या वर्गातल्या बोटींच्या पोरांनी सामारला जपानी युद्धनौकांना जे तोंड दिलं ते कोणी विसरू नये, आणि नशिबाचाही भाग असतो, लिस्कम बेला टॉर्पेडो नेमका बॉम्बच्या कोठाराशी लागला. पण सॅन्टीनं विमान आणि टॉर्पेडो दोन्ही खाल्ले आणि उभी राहिली, सुवानीवर त्याच सकाळी एक आणि दुसऱ्या दिवशी दुसरं अशी दोन विमानं पडली, माणसं फार गेली पण बोट घरी पोचली, सँगमनवर ४ मे १९४५ ला जपानच्या ओकिनावा बेटाजवळ पडलं, ती आतून जळून गेली पण बुडाली नाही. चौघींपैकी एकही बुडाली नाही. नौदलाच्या अभियंत्यांनाही हे पटलं असणार, कारण नंतर जो कमेन्समेंट बे वर्ग बांधला, १९ बोटींचा, तो या टँकर-विमानवाहूंच्या आराखड्यावरूनच बेतलेला होता.

दुरुस्त होऊन सॅन्टी ओकिनावाला हजर होती, दिवसच्या दिवस तिची विमानं उडत राहिली. लढाई संपल्यावर सप्टेंबर १९४५ मध्ये तिच्यावर एक काम आलं त्याबद्दल वाचताना माझे डोळे भरून आले. फोर्मोसाच्या, म्हणजे आजच्या तैवानच्या छावण्यांतून सुटलेले सुमारे पावणेपाचशे युद्धकैदी छोट्या बोटींनी तिच्यावर आणले. त्यांत असे होते जे मलायात आणि डच ईस्ट इंडीजमध्ये १९४१-४२ ला पकडले गेले होते, साडेतीन वर्षं उपाशी ठेवलेली माणसं, हाडांचे सापळे. जिथून बॉम्ब घेऊन विमानं उडायची त्याच बोटीवर त्यांना जेवू घातलं आणि मनिलाला नेलं.

१९४६ मध्ये तिला सेवेतून काढून राखीव ठेवलं, १९५९ मध्ये यादीतून नाव काढलं, आणि १९६० मध्ये ती भंगारात तोडली गेली, हॅम्बुर्गला. जिच्या विमानांनी तीन जर्मन पाणबुड्या बुडवल्या ती जर्मनीच्याच बंदरात तुटली.

हे आपल्या पेपरात का, असं कोणी विचारेल. दर ४ डिसेंबरला नौदल दिनाची पुरवणी तुम्ही काढता, १९७१ चा कराचीवरचा हल्ला त्यात असतोच आणि असायलाच हवा, निपात, निर्घात, वीर ही क्षेपणास्त्र नौकांची नावं आमच्या नातवंडांनाही पाठ आहेत. त्या नौका किनारा राखायला बनवलेल्या, पल्ला कमी, आणि कराची लांब. त्या मोहिमेत 'पोषक' नावाचा टँकरही सामील होता. कुठल्याही वर्षीच्या पुरवणीत पोषकवर चार ओळी आल्याचं मला आठवत नाही, आणि मी पुरवण्या जपून ठेवतो. दीपक, शक्ती, ज्योती, आदित्य, आपल्या नौदलाच्या इंधनवाहू बोटींची ही नावं किती सुंदर आहेत, त्यांच्यावर काम केलेली कितीतरी माणसं रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात घरी बसलेली असतील, त्यांना कोणी विचारायला गेलंय का.

तर माझी विनंती दोन आहेत. पहिली, लेयटेच्या लेखाची दुरुस्ती छापावी, पहिला घाव ७ वाजून ४० मिनिटांनी सॅन्टीवर, आणि ती मूळची इंधनवाहू बोट होती हेही त्याच ओळीत. दुसरी, येत्या नौदल दिनाच्या आधी पेपरात एक चौकट द्या, की १९७१ मध्ये पोषकवर किंवा नौदलाच्या कुठल्याही टँकरवर जे होते त्यांनी, किंवा ते गेले असतील तर त्यांच्या घरच्यांनी, पेपरकडे लिहावं. लिहिता येत नसेल तर सांगितलं तरी चालेल, मी जाऊन लिहून आणेन, अलिबागपासून मालवणपर्यंत एसटीनं फिरायची माझी तयारी आहे. पत्र लांबलंय, जागेसाठी कापावं लागलं तर माझ्याबद्दलचं कापा, टाक्यांचं कापू नका.

आपला,
एक निवृत्त पंपमन, अलिबाग